बाळाबाईची उशी

महाराजांच्या पागेत मी कारकून. घोड्यांची चंदी, वैरण, खोगीर, झूल, नाल, सगळं माझ्या हाताखालनं जातं आणि आजवर एकाही घोड्यानं माझ्याबद्दल कुरकुर केलेली नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो. कारण त्या वर्षी चैत्रात आमच्या गल्लीत 'सयाजीला बायकोसाठी एक उशी धड आणता येईना' असं बोललं जाऊ लागलं, आणि बोलणारी माणसं अशी, की ज्यांनी जन्मात उशाला विटेशिवाय दुसरं काही घेतलं नव्हतं.

काम तसं साधं होतं. माझ्या बायकोला, बाळाबाईला, आठवा महिना लागला होता आणि तिची झोप उडाली होती. दिवसा नाही, रात्री नाही. डोळे खोल गेले, पाय सुजले, भाकरी पुढ्यात तशीच राहायला लागली. दवाखान्यातल्या डाक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की डाव्या कुशीवर निजवा, पाठीला-पोटाला आधार द्या आणि काही करून झोप होऊ द्या. अंगात ताकद नसली तर बाळंतपण जड जाईल. पहिल्या खेपेला मुरगूडला, माहेरी, पोर हाताला लागलं नव्हतं. पुढं सासूबाई वारल्या, म्हणून या खेपेचं बाळंतपण आमच्याच घरी. त्यामुळं 'जड जाईल' हे ऐकल्यापासून माझाही घास घशाखाली उतरत नव्हता, पण पुरुषमाणसानं ते दाखवायचं कुणाला?

डाक्टरीणबाई हे माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्या बोलल्या आक्काशी. आक्का माझी थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन माहेरी परत आली आणि तेव्हापासून घर तिच्या हातात. थोरल्यांच्या देखत नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही ही आमच्या घरची रीत, आणि आक्का घरात नाही अशी घटका आमच्या संसारात सहसा येत नाही. त्यात आठव्या महिन्यात बाळाबाई निजायची आतल्या खोलीत आक्काजवळ आणि मी बाहेर सोप्यात. तिला मला काही सांगायचं झालं तर ती आक्काला सांगायची, आक्का मला सांगायची. उत्तर त्याच वाटेनं परत जायचं. दरबारात अर्ज असेच चालतात, त्यामुळं मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

एके दिवशी आक्का सोप्यात आली आणि म्हणाली, "सयाजी, तिला उशी पायजे."

"कसली?"

"चांगली."

"चांगली म्हंजे?"

"आता ते मी सांगू व्हय? पागंत घोड्यांच्या पाठी सांभाळतोस, एका बाईची पाठ सांभाळायला जमंना तुला?"

मोघम हुकमाची कारकुनाला सवय असते. हुकूम जितका मोघम तितकी त्याची तामिली कडक, हा आमचा धर्म. मी मनाशी ठरवलं, की उशी आणायची तर अशी आणायची, की कोल्हापुरात दुसरी नसावी. पाठीला टेकेल, पोटाखाली सरकेल आणि पुढं पोर झाल्यावर पाजताना मांडीवरही घेता येईल. मी हे सगळं सोप्यात बसून आक्काला समजावून सांगितलं. दार उघडं होतं. समोरच्या घरातनं झुंबरबाईनं ते ऐकलं, आणि तिथंच माझं नशीब फिरलं.

झुंबरबाई म्हणजे आमच्या गल्लीची सुईण. गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्माला आली आणि त्या बळावर उरलेल्या निम्म्यांवरही ती हक्क सांगते. ती पदर खोचत आली आणि उंबऱ्यातनंच म्हणाली, "उशी शिवायची न्हाय."

"का?"

"पोर व्हायच्या आदी पोराच्या नावानं घरात सुई-दोरा हलवायचा न्हाय. एकदा ठेच लागलीया न्हवं?"

"अगं पण उशी पोराची न्हाय. आईची हाय."

"पाजताना मांडीवर घेणार म्हणालात की आत्ताच. मी भैरी न्हाय. मग त्या उशीवर डोकं कुणाचं यील? आईचं?"

पागेत असला पेच आला असता तर मी वरिष्ठांकडं पाठवून दिला असता. इथं वरिष्ठ झुंबरबाईच. उशी आईची की पोराची, यावर पुढं आठवडाभर आमच्या सोप्यात खल चालला. शेजारचे आकाराम वस्ताद रोज तालमीतनं परतताना त्यात भाग घ्यायचे. वस्तादांना स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळं त्यांचं मत अगदी निःपक्षपाती असायचं. ते म्हणायचे, "उशीच नको. उशीनं मान हलकी पडतीया. आमची पोरं तांबड्या मातीवर निजत्यात, त्यास्नी कवा पाठ दुखल्याली ऐकलीया?" आणि एवढ्यावर न थांबता एके सकाळी त्यांनी ताक, तेल आणि हळद घातलेली आखाड्याची माती पोतंभर आमच्या दारात आणून टाकली. ती घरात घ्यायची नाही म्हणावं तर वस्तादांचा अपमान, घ्यावी तर मुंग्या. शेवटी पोतं तुळशीजवळ ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते काय आहे हे सांगत बसलो.

पेच झुंबरबाईनंच सोडवला. ती म्हणाली, "डोहाळा असंल तर मग कायबी चालतंय. डोहाळा लागला की सुई बी चालती आन् दोरा बी. बाळाबाईला उशीचा डोहाळा लागलाय का?"

आक्का आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, "लागलाय."

आता इथं एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. उशी हा घरचा मामला होता; डोहाळा हा गल्लीचा मामला झाला. बाईचा डोहाळा पुरवला नाही तर पोराचे कान फुटतात, आणि ते पाप फक्त नवऱ्याला नाही, ज्याला ज्याला डोहाळा माहीत आहे त्या सगळ्यांना लागतं. आणि झुंबरबाईला माहीत झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कुणाला माहीत नसते?

दुसऱ्या दिवशी ख्वाजा पिंजारी आपण होऊन आला. खांद्यावर कापूस पिंजायची ती लांबलचक धनुकली, तिची तार वाजवत. सोप्यात बसला आणि म्हणाला, "कारकूनसाब, कापूस नको. कापूस गरम. सावरी पायजे, सावरी थंड. सावरीवर बाई निजली की उठायचंच नाव न्हाय घेत." हे शेवटचं बोलणं मला फारसं आवडलं नाही, पण ख्वाजाचा तो बोलण्याचा ढंगच आहे. त्याची बायको मेहमुदा कोडोलीची. तिचा भाऊ बाबालाल, त्याच्या परड्यात सावरीचं मोठं झाड, आणि बोंडं नुकतीच तडकायला लागलेली. मी म्हणालो, मग आणून दे. त्यावर झुंबरबाई समोरनं ओरडली, "डोहाळ्याची वस्तू नवऱ्यानं सोता आणायची असती."

म्हणून मी रजा काढून कोडोलीला गेलो. बाबालाल मोठा अगत्यशील माणूस. त्यानं मला झाडाखाली बसवलं, चहा पाजला आणि स्वतः वर चढून बोंडं पाडायला लागला. चैत्रातला वारा. बोंड फुटलं की सावरी निघायची ती थेट माझ्या तोंडावर. नाकात सावरी, मिश्यांत सावरी, पागोट्यात सावरी. तासाभरानं बाबालालच्या घरची पोरं मला बघायला गोळा झाली. पण पोतं भरलं. आकारानं म्हशीएवढं आणि वजनानं काहीच नाही, असलं ते विचित्र ओझं छकड्यात घातलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून मी त्याच्यावर आडवा झालो. ख्वाजा खोटं बोलला नव्हता. मला अशी गाढ झोप लागली, की कोल्हापूरचा नाका आला तेही कळलं नाही.

"ओ पावणं, उतरा खाली. काय हाय पोत्यात?"

दिवस प्लेगाचे होते. बाहेरगावाहून येणारा कापूस, चिंध्या, अंथरूण-पांघरूण नाक्यावर तपासल्याशिवाय आत सोडत नव्हते. नाक्यावरचा कारकून माझ्यासारखाच कारकून; म्हटलं, भाऊबंद आहे, समजून घेईल. मी अंगावरची सावरी झटकत मोठ्या अदबीनं म्हणालो, "सावरी हाय. उशीसाठी."

"उशी म्हंजे अंथरूण. अंथरूण औषधात बुडवावं लागतंय."

"अजून उशी झाली न्हाय. नुसती सावरी हाय."

"मग माल झाला. मालाला परवाना दावा."

"माल न्हाय हो. घरच्या माणसासाठी हाय. तिला झोप न्हाय, अंग दुखतंय, म्हणून..."

माझ्या कारकिर्दीत मी पुष्कळ अर्ज बिघडवलेले आहेत, पण एका वाक्यात इतकं बिघडवलेलं दुसरं आठवत नाही. कारकुनानं मान वर केली. "झोप न्हाय? अंग दुखतंय? ताप हाय काय? काखंत गाठ?"

"गाठ न्हाय. पोटुशी हाय ती."

"ते आमी ठरवू. आदी तुमचं बघू. सदरा काढा."

पागेचा कारकून मी, भर नाक्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसमोर सदरा काढून दोन्ही हात वर करून उभा राहिलो. एका शिपायानं माझ्या काखा दाबून बघितल्या. काखेतही सावरी निघाली. ती त्यानं दोन बोटांनी उचलून कारकुनाला दाखवली आणि कारकुनानं ती गंभीरपणे बघितली. पलीकडनं एक बैलगाडीवाला म्हणाला, "पिसं फुटायला लागल्यात वाटतं." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग पोतं औषधाच्या पिंपात घालायचं ठरलं. इथं सावरीनं माझ्या वतीनं सूड घेतला. सावरी पाण्यात बुडत नाही, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. शिपायांनी पोतं दाबलं, ते वर आलं. काठ्यांनी दाबलं, बाजूनं वर आलं. एक शिपाई त्याच्यावर बसला, तर पोतं त्याला घेऊन वर आलं. कारकून पिंपाशी येऊन म्हणाला, "औषध आतपतोर गेल्याबिगर सोडता येत न्हाय." शिपाई म्हणाला, "साहेब, ते आत घिईतच न्हाय." शेवटी वरच्या कापडाला औषध लागलं एवढ्यावर भागवलं, आणि 'घरात दुखणाईत बाई, पाहणी करणे' असं म्हणून आमच्या घराचा पत्ता विचारून घेतला. मी पत्ता सांगितला, कारण खोटा सांगायची मला सवय नाही.

ख्वाजानं ती सावरी वाळवून, पिंजून, आक्काच्या जुन्या मऊ लुगड्याच्या खोळीत भरली. चंद्रकोरीसारखी बाकदार, लांब अशी उशी झाली. तिला औषधाचा वास येत होता तो सोडला तर बघत राहावी अशी. आक्का ती आत घेऊन गेली. मी सोप्यात उभाच. थोड्या वेळानं आक्का आली.

"काय म्हणाली?"

"बरी हाय म्हणाली."

पण बाळाबाई काही निजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा मी म्हणालो, उशी मऊ पडली. पागेत खोगिरं शिवणाऱ्या जीनगराला गाठलं. तो म्हणाला, घोड्याच्या पाठीला जसं खोगीर तसं माणसाला का नसावं? त्यानं घोड्याचे केस भरून, वर कातडं मढवून एक तक्क्या केला. टणक, बाकदार, दोन्ही बाजूंना पट्टे. हा माणूस पट्टे काढ म्हटलं तर ऐकेना. म्हणाला, पट्टा नसला की सरकतंय. तो तक्क्याही आक्का आत घेऊन गेली.

"काय म्हणाली?"

"बरी हाय म्हणाली."

दोन दिवसांनी दुपारी मी आत पाणी प्यायला गेलो, तर जीनगराच्या तक्क्यावर आक्काच निवांत पडली होती. पट्टेसुद्धा तिनं व्यवस्थित बांधून घेतले होते. मला बघून उठली आणि म्हणाली, "पाठीला लई चांगला हाय. तिला नको झाला, म्हटलं वाया कशाला घालवा." मी पाणी पिऊन बाहेर आलो.

तोवर डोहाळा सगळ्या गल्लीत पोचला होता. आपल्यामुळं पोराचे कान फुटायला नकोत, म्हणून जो तो उशी घेऊन यायला लागला. कुणी राळ्याच्या भुश्शाची, कुणी मोहरीची, कुणी लग्नातला लोड. बायडाबाई तेलिणीनं पेंडीचा वास येणारी एक आणली. दहा घरं सोडून राहणाऱ्या, आमच्याशी दोन वर्षं अबोला धरलेल्या माणसानंही एक उशी उंबऱ्यात ठेवली आणि न बोलता गेला. प्रत्येकजण जाताना एवढंच विचारायचा, "निजली का?" आणि मी सांगायचो, "निजंल." आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही.

तशात एके सकाळी नाक्यावरनं पाहणीचा शिपाई आला. त्यानं आत डोकावून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "कारकून, एका बाईला एवढं अंथरूण? कुणाकुणाच्या घरातलं गोळा केलंय हे?" मी डोहाळ्याचं सांगायला गेलो, पण शिपाई बाहेरचा, त्याला डोहाळ्याचं काय? त्यानं बाळाबाईला लांबनंच बघितलं. गाठ नाही, ताप नाही. तेवढ्यावर ती सुटली. उशा सुटल्या नाहीत. सगळ्या उशा उन्हात टाका, संध्याकाळपर्यंत एकही घरात घ्यायची नाही, असा हुकूम देऊन तो गेला.

दुपारी पागेतनं घरी आलो तेव्हा आमचं अंगण उशांनी भरलेलं. उन्हात रांगेनं पसरलेल्या. त्यांच्या भोवती झुंबरबाई, आकाराम वस्ताद, ख्वाजा आणि आक्का उभे, आणि यांतली नेमकी कुठली उशी बाळाबाईला द्यायला हवी होती यावर चौघांचं चाललेलं. ख्वाजा म्हणत होता सावरी, वस्ताद म्हणत होते माती, झुंबरबाई म्हणत होती मी आधीच सांगितलं होतं. मीही बोलायला तोंड उघडलं. मला घोड्याच्या केसांची बाजू घ्यायची होती.

तेवढ्यात माझी नजर आत गेली. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बाळाबाई भिंतीला टेकून बसली होती. तोंड पांढरंफटक. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हते. हात पोटावर. अशी माणसं मी पूर्वी बघितली आहेत, ती उठत नाहीत. बायको जाते की काय असं मला त्या क्षणी उघड वाटलं, आणि अंगणातली ती चार माणसं आणि त्या उशा मला नकोशा झाल्या.

मी सोपा ओलांडून सरळ आत गेलो आणि आक्काच्या, वस्तादांच्या, झुंबरबाईच्या देखत बायकोसमोर उकिडवा बसलो. लग्नानंतर एवढ्या माणसांसमोर मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होतो.

"तुला कसली उशी पायजे, ते तूच सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरनं आक्काकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "उशी मी मागितलीच न्हाय."

"मग काय मागितलंस?"

"हातरूण फिरवून द्या म्हटलं हुतं. दाराकडं तोंड करून निजायचं हुतं मला."

मी आक्काकडं वळलो. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "खोली ही अशी चिंचोळी, सयाजी. हातरूण एकाच अंगाला बसतंय. डाव्या कुशीवर दाराकडं तोंड करायचं तर डोकं उत्तरंला येतंय. पोटुशी बाई, त्यात एकदा ठेच लागल्याली. तिला उत्तरंला डोकं करून निजवू? माझा जीव हुईना. म्हटलं चांगली उशी दिली तर निजंल, हातरुणाचं इसरंल."

उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं करतात. मला विचारलं असतं तरी मीही नाहीच म्हणालो असतो.

"पण दाराकडं तोंड कशाला पायजे?" मी बाळाबाईला विचारलं.

ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली. "मुरगूडला मी भिंतीकडं तोंड करून पडले हुते. पोर झालं. रडलं न्हाय. मागं बायका कुजबुजल्या आन् कुणीतरी त्येला घिऊन दारातनं भाईर गेलं. पाठीमागनंच. मला वळून बघायची ताकद न्हवती. मला कुणी दावलंच न्हाय. मुलगा का मुलगी ते बी नंतर कळलं. आता भिंतीकडं तोंड केलं की कान सगळा दाराकडं लागतो. डोळा मिटला तर न्हेतील वाटतंय." आणि मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "या बारीला मला दाखवल्याबिगर कुणी न्हिऊ नगा, एवढं सांगा की त्यास्नी."

अंगणात वस्तादांनी मुंडासं काढून हातात घेतलं. मी रडलो म्हणायला हरकत नाही. मुरगूडचं ते पोर म्हणजे मुलगा होता, हे मला माझ्या मेव्हण्यानं बाजारात भेटल्यावर सांगितलं होतं. मीही त्याला बघितलं नव्हतं, पण आपण काही बघितलं नाही हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं.

डोकं उत्तरेला करायचं नाही, खोली फिरवता येत नाही. उरलं काय, तर दार. मी उठलो आणि म्हणालो, "दारात मी बसतो."

झुंबरबाई म्हणाली, "म्हंजे?"

"म्हंजे आजपासनं पोर हुईतोवर या दारात मी बसणार. ह्या दारातनं जे कायबी भाईर जाईल, ते मला ओलांडून जाईल. आन् तिनं बघितल्याबिगर मी वाट देणार न्हाय."

"बाळंतिणीच्या दारात बापया? सयाजीराव, लोक शाण घालतील तोंडात."

"घालू द्या."

एवढं मोठं बोललो खरा, पण बसलो तेव्हा लाजेनं माझे कान गरम झाले होते. उंबऱ्यात, खोलीकडं पाठ करून, बाहेर तोंड करून बसलो. आत आक्कानं बाळाबाईला अंथरुणावर घेतलं, डोकं दक्षिणेला, तोंड भिंतीकडं. थोड्या वेळानं मला मागनं तिचा श्वास ऐकू आला. लांब, सावकाश. आक्का आतनं तोंडावर पदर धरून आली आणि मला ओलांडून सोप्यात गेली. "निजली," म्हणाली. उशा अजून उन्हातच होत्या.

पुढचे दिवस माझ्या मानाला फार कठीण गेले. पागेत जास्तीची रजा मागितली, तर वरिष्ठांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "दारात बसायचं हाय." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि रजा दिली, वेड्याला अडवू नये असं त्यांना वाटलं असावं. गल्लीतले लोक मुद्दाम आमच्या घरावरनं जायचे. कुणी म्हणायचं, पागेचा कारकून राखणीला बसलाय. कुणी म्हणायचं, कारकुनाच्या दारात कारकूनच शिपाई. आक्का येता-जाता मला ओलांडायची आणि दर खेपेला 'देवा' म्हणायची. जेवण तिथंच, पान तिथंच. ज्यांनी उशा आणल्या होत्या ते एकेक करून आले, आपली उशी ओळखून घेऊन गेले, आणि जाताना 'निजली का?' असंच विचारत राहिले. मी आता खरं उत्तर देऊ लागलो होतो.

वैशाखात दुपारी तिला कळा लागल्या. झुंबरबाई आली, माझ्याकडं एक नजर टाकली आणि मला ओलांडून आत गेली. मी बाहेर तोंड करून बसलो. अंगणात ऊन रणरणत होतं. मागनं बाळाबाईचं कण्हणं, झुंबरबाईचं 'जोर कर, आणखी जोर कर', आक्काचा पुटपुटता जप. मी वळलो नाही. दोन्ही हात मी मांडीखाली दाबून धरले होते. मग आत एकदम शांत झालं. त्या शांततेत मी काय काय कबूल केलं, कुठल्या कुठल्या देवाला, ते आता सांगत नाही. आणि मग पोर रडलं. असं रडलं, की शेजारनं वस्ताद धावत बाहेर आले.

झुंबरबाईच्या अंगात चाळीस वर्षांची सवय. पोर कपड्यात गुंडाळून ती तशीच चुलीशी, ऊन पाण्याकडं निघाली. तिचा पाय माझ्या पाठीला लागला.

"सरका, सयाजीराव. पाणी निवतंय."

"तिला दावलं?"

"दावू की. आदी न्हाऊ घालते."

"आदी तिला."

"मुलगी हाय, चांगली ठणठणीत हाय. सरका म्हणते न्हवं."

"झुंबरबाई, आदी तिला."

मी मागं बघितलं नाही. झुंबरबाई माझ्या पाठीमागं थोडी उभी राहिली. पोर रडत होतं. मग तिची पावलं माघारी गेली, आणि मी जन्मात कधी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात ती म्हणाली, "बाळाबाई, डोळं उघड. ही बघ. तुझी लेक. नीट बघून घे."

आतनं बाळाबाईचं रडणं ऐकू आलं, आणि त्या रडण्यात हसणंही होतं. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. पाणी निवलं असणार. आक्कानं तिला पाजायला बसवलं, हाताखाली कसलीशी उशी सरकवली, हे मला नंतर कळलं. कुठली होती ते कुणी विचारलं नाही. मग झुंबरबाई बाहेर आली, माझ्या शेजारी सोप्यात टेकली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "उठा आता. झालं तुमचं काम."

उठायला गेलो तर दोन्ही पायांना मुंग्या. दाराची चौकट धरून उभा राहिलो आणि पहिल्यांदा आत बघितलं. बाळाबाईनं पोरीला भिंतीच्या बाजूला घेतलं होतं, आणि दाराकडं पाठ करून ती गाढ झोपली होती.